गोळीला नऊचा पाढा येतो का?

"एडीएचडी आहे हे मुलाला सांगायचं की नाही?" दर आठवड्याला कुणी ना कुणी पालक हे विचारतातच. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं, स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूच्या विकासातली अडचण. सांगितलं तर पोर तेच डोक्यात घेऊन बसेल, ही धास्ती. ती अगदीच खोटी नाही, म्हणून चिन्मयची (नाव बदललंय) गोष्ट सांगते.

चिन्मय पाचवीत. मनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं, औषध सुरू झालं आणि चार महिन्यांनी आई त्याला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली. "मॅडम, पुस्तक का विसरलास विचारलं, तर म्हणतो, मी एडीएचडीवाला आहे ना, मग!" तो पाय हलवत माझं बॉलपेन उघडत बसला होता. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. त्याने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्प्रिंगकडे.

पोरगं सवलत घेतंय, असं आईचं मत. सुरुवातीला माझंही तेच झालं होतं, हे कबूल करते. तिसऱ्या भेटीला तो गणिताच्या चाचणीचा पेपर घेऊन आला. 20 पैकी 17. मी शाबासकी दिली, तर म्हणाला,

"ते माझे नाहीत. गोळीचे आहेत."

"आणि पुस्तक विसरलं ते?"

"ते माझं."

दंगा केला की "आज गोळी घेतली नाहीस का?" शांत बसला की "बघ, औषधाने कसा फरक पडला!" घरी-शाळेत हेच ऐकून त्याने आपला हिशेब मांडला होता, आणि त्यात जमेच्या बाजूला तो स्वतः कुठेच नव्हता.

"गोळीला नऊचा पाढा येतो का रे?"

तो हसला. मग गप्प झाला. पेनची टिकटिक तेवढी चालू.

"नाही. पाढा बाबांनी म्हणून घेतला. स्कूटरवर."

"मग गोळीने काय केलं?"

"मला बसवलं." बऱ्याच वेळाने म्हणाला, "गणितं मी केली."

वागण्याला मार्क द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सांगणं मी इतकी वर्षं मोठ्यांना समजावत आले. दहा वर्षांच्या पोराला ते कसं सांगायचं, हे त्या दिवशी मराठीनेच सुचवलं. आपण "मला ताप आहे" म्हणतो, "मी ताप आहे" म्हणत नाही. चिन्मयला हे भलतंच आवडलं. "मी सर्दी आहे, मी खरूज आहे" करत पाच मिनिटं खिदळला. ताप उतरतो, एडीएचडी तसं उतरेलच असं नाही, हेही मी सांगून टाकलं.

तेव्हा, सांगावं. निदानासाठी लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे निदान होईपर्यंत आळशी, मठ्ठ, वाह्यात ही दोन्हीकडची विशेषणं पोराच्या पदरात पडलेलीच असतात. सांगताना "तू" नको, "तुला" म्हणा. गोळीची आठवण ठरल्या वेळी करा, दंग्याच्या वेळी नको; कमी-जास्त किंवा बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच. कारण मान्य करा, पण काम सोडून देऊ नका: "विसरलास, कळलं. आता मित्राला फोन करून गृहपाठ विचार."

शेवटच्या भेटीला त्याची पाण्याची बाटली खुर्चीखालीच राहिली. दोन मिनिटांनी जिन्यावर धडधड ऐकू आली. एकटाच आला होता. आई खाली स्कूटरपाशी थांबली होती.