घरबसल्या काम हवंय, पण त्या वेळात बाळ कुणाकडे?

"ताई, बाळ झोपलं की दोन-तीन तास मोकळेच मिळतात ना? तेवढ्यात जमेल असं काहीतरी काम सांगा."

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका हे सतत विचारतात. मी दर वेळी आधी एकच उलटा प्रश्न करते: मोकळे मिळतात हे कुणी सांगितलं? अशाच एकीची हकीकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम घेत नाही.

ती आली तेव्हा तिला सातवा महिना होता. बसल्या बसल्या मोबाइल काढून जाहिरातींचे स्क्रीनशॉट दाखवायला लागली. "फक्त गृहिणींसाठी", "रोज दोन तास द्या, महिनाभराचा खर्च काढा". चाळीसेक तरी असतील. दाखवताना एक स्क्रीनशॉट तिने झटकन पुढे सरकवला. मी म्हटलं, "तो राहिला की." अंगठा तिथेच थांबला आणि डोळे भरून आले.

ती एक नोटीस होती. वर वकिलाचं नाव, खाली शिक्का, मजकुरात "करारभंग" आणि "दंड". डेटा एन्ट्रीच्या कामासाठी तिने नोंदणी फी भरली होती. ठरावीक दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, चुका अमुक टक्क्यांच्या वर गेल्या तर पैसे नाहीत, अशी अट. पाठीला उशी लावून रात्री जागून तिने काम पूर्ण केलं. मग "तुमचं काम नापास झालं" असा निरोप आला आणि त्यामागोमाग ही नोटीस. नवऱ्याला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पोटात बाळ, आणि फोन वाजला की छातीत धस्स.

तिला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, ट्रेनिंग, किट, डिपॉझिट, नाव काहीही असो, काम मिळण्याआधी पैसे मागितले की तिथून उठायचं. सुरुवातीला लाइक किंवा रिव्ह्यूच्या कामाचे थोडे पैसे खरंच खात्यात येतात आणि मग "मोठ्या टास्कसाठी" तुमच्याकडूनच भरून घेतात, तीही फसवणूकच. व्हॉट्सअॅपवर आलेला शिक्क्याचा कागद म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. एक पैसाही आणखी द्यायचा नाही, सगळे मेसेज आणि पावत्या जपून ठेवायच्या, बँकेला आणि सायबर पोलिसांना लगेच कळवायचं. तिने तक्रार केली. भरलेली फी परत मिळाली नाही, पण धमक्यांचे मेसेज थांबले. "मीच मूर्ख" हे मात्र बराच काळ तिच्या तोंडून जात नव्हतं. मूर्ख नव्हती ती. गरजेला नेमकं कुठे पकडायचं हे जाणणाऱ्यांनी तिला पकडलं होतं.

पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. माणूस चांगला, पण गोंधळलेला. "मी काही कमी पडू देतो का हिला? आत्ता कशाला हा त्रास?" बराच वेळ ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तू देतोस. कधी नाही म्हटलं नाहीस. पण मला मागावे लागतात."

तो गप्प झाला. मीही काही बोलले नाही.

सहा वर्षं ती एका ऑफिसात हिशेबाचं काम करत होती. पाचव्या महिन्यात राजीनामा दिला, कारण "आता कसं जमणार" असं जो तो म्हणत होता. आपल्याला किती रजा मिळते, पगारी की बिनपगारी, काही काळ घरून काम करू देतील का, हे तिने विचारलंच नाही, आणि विचार असं तिला कुणी सांगितलंही नाही. याची मला आजही हळहळ वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात प्रसूतीसाठी किमान १४ आठवड्यांची रजा धरलेली आहे. नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून आपल्याकडचा नियम आणि आपलं नियुक्तिपत्र हे दोन्ही नीट वाचल्याशिवाय राजीनाम्याचा कागद लिहू नका. हातातली नोकरी सोडून घरबसल्या काम शोधत बसण्यापेक्षा त्याच नोकरीतलं काही काम घरी आणता आलं तर ते केव्हाही सोपं.

मग तासांचा हिशेब मांडला. तान्ह्या बाळाला चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. एका वेळेला अर्धा तास धरा, म्हणजे नुसत्या पाजण्यातच चार ते सहा तास गेले. बाळ दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतं हे खरं, पण ते तुकड्यातुकड्यांनी, आणि त्याच तुकड्यांत आईनेही झोपायचं असतं. ती हिशेबातली बाई. आकडे कागदावर उतरवल्यावर स्वतःच म्हणाली, "म्हणजे उरलं काहीच नाही."

तिचा हट्ट पंधराव्या दिवशी काम सुरू करायचा होता. पहिले किमान दोन महिने काही घ्यायचं नाही, हे आम्ही ठरवून घेतलं. पोटात बाळ असतानाच्या उरलेल्या आठवड्यांत तयारी करायची: जुन्या ओळखींना फोन, दर ठरवणं, आपण काय करू आणि काय करणार नाही हे एका पानावर लिहून ठेवणं.

इथे माझा एक सल्ला चुकला. मीच तिला मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या सुचवल्या होत्या, संध्याकाळी एक तास. बाळ दीड महिन्याचं झालं आणि रोज संध्याकाळी रडून घर डोक्यावर घ्यायला लागलं. तान्ह्या बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बऱ्याचदा संध्याकाळीच वाढतं, हे मला ठाऊक असूनही मी ती वेळ सुचवली. शिकवण्या सुरू झाल्या नव्हत्या हे बरं. तेव्हापासून पहिल्या काही महिन्यांत घड्याळाला बांधलेलं काम मी कुणालाच सुचवत नाही. फोनवरची ग्राहकसेवा नको, ठरावीक वेळेचे वर्ग नकोत. मधेच सोडून उठता येईल आणि दोन तासांनी तिथूनच पुढे नेता येईल असं काम हवं: हिशेब, भाषांतर, मुद्रितशोधन, ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणं, शिवण. त्यातही हाताला आधीपासून जे येतं तेच आधी. नवा कोर्स करून नव्या क्षेत्रात शिरायला हा काळ फार अवघड.

त्याच सुमारास ती रात्री दोन-दोन वाजता मला मेसेज करायला लागली. "मी निरुपयोगी आहे. काहीतरी करायलाच हवं." मी कामाचं बोलणं बाजूला ठेवलं आणि एडिनबरा प्रश्नावली तिच्यासमोर ठेवली. बाळंतपणातलं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ सालापासून वापरात असलेले हे १० प्रश्न. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते आठवून उत्तरं द्यायची. उत्तरं पाहून तिला डॉक्टरांकडे पाठवलं, उपचार सुरू झाले. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवडे उलटूनही ते थांबत नसेल तर काम मिळालं की बरं वाटेल या आशेवर राहू नका, डॉक्टरांना भेटा. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

चौथा महिना लागला तेव्हा ती एक वही घेऊन आली. आठवडाभराच्या नोंदी होत्या. "३.१० पाजलं. ३.५० झोपलं. ४.०५ उठलं." सलग मिळालेला सगळ्यात मोठा वेळ एक तास चाळीस मिनिटं, तोही एकदाच. वही मी नवऱ्यापुढे सरकवली. त्याने बोट फिरवत सगळं पान वाचलं. "मी सकाळी दोन तास घेतो," तो म्हणाला. मी विचारलं, "घेतो म्हणजे काय?" कारण बाळ मांडीवर घेऊन "अगं, हा रडतोय बघ" अशी हाक मारणं म्हणजे घेणं नव्हे. चार दिवस तो आणि दोन दिवस सासूबाई असं ठरलं. त्या दोन तासांत दार बंद, आणि हाक फक्त पाजण्यासाठी.

जुन्या ऑफिसच्या ओळखीतून दोन छोट्या व्यावसायिकांचं महिन्याचं काम आलं: बिलं लावणं, बँकेच्या नोंदी जुळवणं. दर तासावर नाही, महिन्यावर ठरवला, अर्धी रक्कम आगाऊ, आणि सगळं लेखी. पहिल्या महिन्याची कमाई जुन्या पगाराच्या पाचव्या हिश्शाइतकी होती, ती तिच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली. घरखर्चाचे पैसेही आता दर महिन्याला ठरल्या तारखेला, न मागता, त्याच खात्यात येतात. हे दुसरं तिला कमाईहून मोठं वाटलं, असं ती म्हणाली.

शेवटच्या भेटीत बाळ वहीचं पान ओढत होतं. तिसऱ्या एकाने काम विचारलं होतं. तिने वही उघडून तास मोजले आणि त्याला कळवलं की सहा महिन्यांनी विचारा.