1991 च्या उदारीकरणाने गरिबी कमी झाली की विषमता वाढली?

दोन्ही झालं, आणि मी ते एकाच छपराखाली रोज पाहतो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी सुपरवायझर आहे. वडील पिंपरीत फिटर होते. त्यांच्या काळी बजाजच्या स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, कारण कारखान्याने किती माल काढायचा हेही लायसन्सवर ठरे.

जून 1991 मध्ये देशाकडे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जुलैत रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोनं परदेशी गहाण टाकावं लागलं. 24 जुलैच्या औद्योगिक धोरणाने 18 उद्योग वगळता बाकी सगळ्यांची लायसन्सची अट गेली. ते झालं नसतं तर आजचं चाकण उभं राहिलं नसतं. गरिबी मोजायची पद्धत ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या हिशोबाने मोजलं तर 1993-94 मध्ये 45 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, 2011-12 मध्ये 22 टक्के. ही कमाई लहान नाही.

आता माझ्या लाइनवर या. दोन पोरं शेजारी उभी राहून तोच बोल्ट आवळतात. एक परमनंट, त्याला युनियनचा करार लागू. दुसरा लातूरकडचा, आयटीआय झालेला, ठेकेदाराच्या हजेरीवर. पगार पहिल्याच्या निम्म्याहून कमी आणि सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे कामावरून काही काळ कमी. 2000 च्या सुमारास देशातल्या संघटित कारखान्यांत पाचातला एक कामगार कंत्राटी होता, आता शंभरातले चाळीस आहेत. ठेकेदाराला पोरं कमी पडत नाहीत, कारण देशात काम करणाऱ्या शंभरातले 45 जण अजूनही शेतीवर आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा त्याच्या निम्माही नाही. गावाकडे दोन एकरांत भागत नाही म्हणून पोरगा मिळेल त्या पगारावर येतो.

माझ्या मते चूक लायसन्सची अट काढून टाकण्यात नव्हती. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत सारख्या कामाला सारखं वेतन लिहिलेलं होतं, ते गेटच्या आत आलंच नाही. मालकावरची बंधनं एका दिवसात सैल झाली, कामगाराचा हक्क कागदावरच राहिला. याचा मला मनापासून राग येतो.

गेल्या ऑक्टोबरात त्या पोराचा ब्रेक आला. गेटपास जमा करताना म्हणाला, "सर, सोयाबीन काढून येतो. परत घ्याल ना?" तो निर्णय माझ्या हातात नव्हता, आणि ते त्याला ठाऊक होतं.