ऱ्होड-२ उजळला म्हणजे कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात गेलं असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सी२सी१२ (उंदराच्या स्नायूपेशींचा वाण) मायोट्यूबमध्ये, म्हणजे पेशी जुळून बनलेल्या कोवळ्या स्नायूतंतूत, ५ मायक्रोमोलर ऱ्होड-२ एएम (कॅल्शियम धरलं की उजळणारा डाय; एएम ही त्याला पेशीत शिरू देणारी शेपटी) ३७ अंशांवर ४५ मिनिटं भरला. पेशीतला कॅल्शियमचा साठा मोकळा करणारं कॅफीन १० मिलिमोलर दिल्यावर अख्खी पेशी उजळली. मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम शिरणं अडवणारं आरयू३६० अर्धा तास ठेवूनही काही फरक पडला नाही, आणि मायटोकॉन्ड्रियाचं विद्युत विभव पाडणारं एफसीसीपी दिल्यावर उजेड कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मग या पेशींत मायटोकॉन्ड्रियाचा कॅल्शियम युनिपोर्टर, म्हणजे एमसीयू, काम करतच नाही का?

हा निष्कर्ष एवढ्यात काढू नका. तुम्ही पाहिलेल्या तिन्ही गोष्टी एमसीयू अगदी ठणठणीत असतानाही अशाच दिसतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं डायचं ठिकाण. ऱ्होड-२च्या एएम रूपावर धन प्रभार असतो, म्हणून मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावरच्या ऋण विभवाकडे तो ओढला जातो. ‘ऱ्होड-२ मायटोकॉन्ड्रियाचा डाय’ हे वाक्य इथून आलं. पण एएमची शेपटी कापणारे एस्टरेज पेशीद्रवातही भरपूर असतात आणि ३७ अंशांवर ते जोरात चालतात. डाय मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचायच्या आधीच कापला जातो आणि पेशीद्रवात अडकतो. तुम्ही जे पाहिलंत तो बहुतांशी पेशीद्रवातल्या कॅल्शियमचा उसळलेला सिग्नल असणार. केंद्रकातले ठळक ठिपकेही दिसले असतील. ऱ्होड-२ न्यूक्लिओलसला चिकटतो, ते ठिपके मोजमापातून वगळायचे.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे थंडीत भरणं, गरमीत धुणं. डाय ४ अंशांवर सुमारे १ तास भरायचा. एस्टरेज मंदावलेले असल्यामुळे एएम रूप शाबूत राहून आतवर शिरतं. मग डाय नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर ३ ते ४ तास ठेवायचं, म्हणजे पेशीद्रवात कापला गेलेला डाय पटलावरच्या ऋणायन वाहकांतून बाहेर पडतो आणि मॅट्रिक्समधला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पोकळीतला, मागे उरतो. या टप्प्यात प्रोबेनेसिड घालू नका. ते हेच वाहक बंद करतं आणि तुमची सगळी मेहनत फुकट जाते. फ्युरा-२ (पेशीद्रवातलं कॅल्शियम मोजणारा डाय) गळू नये म्हणून लोक १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड सवयीनं घालतात, इथे नेमकं उलटं हवं. डायचं प्रमाणही २ मायक्रोमोलरवर आणा. ४५ मिनिटांत पेशीत साठणारा डाय बाहेरच्या द्रावणाच्या कितीतरी पट होतो आणि स्वतःच कॅल्शियम धरून ठेवणारा बफर बनतो. उसळी बुटकी आणि लांबट दिसायला लागते ती यामुळे. डाय विरघळवायला लागणारे प्ल्युरॉनिक ०.०२ टक्के आणि डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा.

डाय कुठे आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. मायटोकॉन्ड्रिया रंगवणारा मायटोट्रॅकर ग्रीन १०० नॅनोमोलर सोबत ठेवून जुळणी पाहता येते, पण खरी परीक्षा डिजिटोनिनची. पेशीच्या आतल्यासारखं, पोटॅशियम जास्त असलेलं आणि ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं संयुग) घातलेलं द्रावण द्या, त्यात १० ते २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली डिजिटोनिन. पेशीच्या बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणून डिजिटोनिन आधी तिथे भोकं पाडतं, मायटोकॉन्ड्रियाचं आतलं पटल टिकतं. काही मिनिटांत पेशीद्रवातला डाय वाहून जातो. उजेडाचा अर्ध्याहून जास्त भाग गेला, तर त्या दिवसाचे आलेख मायटोकॉन्ड्रियाचे म्हणून वापरू नका.

दुसरी खूण वेळेची. फ्युरा-२ एएम शेवटी, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं भरा आणि एकाच पेशीत दोन्ही पाहा. उजेड पाडायला फ्युरा-२ला ३४० आणि ३८० नॅनोमीटर, ऱ्होड-२ला ५५०च्या आसपास, दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मॅट्रिक्सचा सिग्नल पेशीद्रवाच्या मागून चढतो आणि फ्युरा-२ खाली आल्यावरही बराच वेळ वर राहतो, कारण बाहेर काढणारा सोडियम-कॅल्शियम विनिमयक, एनसीएलएक्स, संथ आहे. दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले, तर दोन्ही डाय एकाच खोलीत बसले आहेत.

आता आरयू३६०. हे संयुग अखंड पेशीत नीट शिरतच नाही आणि हवेत ऑक्सिडाइज होऊन निकामी होतं. ऑक्सिजन काढलेल्या पाण्यात विरघळवून लगेच वापरावं लागतं. आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली म्हणजे रंगीत पाणी समजा. त्याऐवजी रुथेनियम रेड वापरायचा मोह टाळा. ते आत शिरण्यात आणखी कमी पडतं, आणि भोकं पाडलेल्या पेशीत रायनोडिन रिसेप्टरही, म्हणजे एसआर या पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारावरचं दारही, बंद करतं. मग एसआरमधून कॅल्शियम सुटतच नाही, मायटोकॉन्ड्रियाचा सिग्नल पडतो आणि माणूस एमसीयू अडवल्याचा आनंद साजरा करतो. अखंड पेशीतच करायचं असेल तर आरयू२६५ बरं, ते जास्त आत जातं. माझं मत विचाराल तर एसआयआरएनएने (जनुकाचा आवाज दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) एमसीयू कमी करून पाहणं सर्वांत चांगलं. मात्र ते पेशी मायोब्लास्ट, म्हणजे अजून न जुळलेल्या, असताना करावं लागतं, आणि एमसीयू कमी झाल्यामुळे मायोट्यूबची वाढच खुंटली नाही ना, हे मायोसिन हेवी चेन या पक्व स्नायूच्या प्रथिनाच्या रंगानं तपासा. नाहीतर नीट वाढ न झालेल्या पेशीची तुलना वाढलेल्या पेशीशी होते.

एफसीसीपीचा घोळ जास्त खोल आहे. हे संयुग प्रोटॉनला वाट करून देतं आणि विभव कोसळवतं, इथपर्यंत बरोबर. पण विभव गेल्यावर एटीपी सिंथेज उलटा फिरतो आणि एटीपी जाळायला लागतो. एसआरमध्ये कॅल्शियम परत भरणाऱ्या सर्काला दर दोन कॅल्शियममागे एक एटीपी लागतो. तो तुटला की एसआर गळतं आणि पेशीद्रवातलं कॅल्शियम वर जातं. एफसीसीपी पेशीच्या बाहेरच्या पटलाचंही विभव पाडतं, मायटोकॉन्ड्रिया आपला साठा बाहेर टाकतात, आणि तुमचा ऱ्होड-२ पेशीद्रवात बसलेला असल्यामुळे हे सगळं तो इमानेइतबारे दाखवतो. उजेड वाढला त्याचं कारण हे. उपाय: ऑलिगोमायसिन १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली ५ मिनिटं आधी, मग एफसीसीपी १ मायक्रोमोलर, त्यानंतर कॅफीन. माध्यमात ग्लुकोज असू द्या, म्हणजे एटीपीची सोय ग्लायकोलिसिसवर होते.

(जीकॅम्पसारखा जनुकीय सेन्सर मॅट्रिक्समध्ये घालणाऱ्यांसाठी: मॅट्रिक्सचा पीएच ७.८च्या आसपास असतो, एफसीसीपीनं तो खाली येतो, आणि हे सेन्सर पीएचला फार हळवे असतात. आम्लता वाढली की उजेड पडतो, कॅल्शियम हललंही नसेल तरी. कॅल्शियम न धरणारा बदललेला सेन्सर सोबत चालवल्याशिवाय तो आलेख कुणाला दाखवू नये.)

कॅफीन आणि मायोट्यूबबद्दलही थोडं. मायोब्लास्ट कॅफीनला प्रतिसाद देत नाहीत, रायनोडिन रिसेप्टर पुरेसे तयार व्हायला २ टक्के हॉर्स सीरममध्ये ४ ते ६ दिवस लागतात. तुमच्या पेशी उजळल्या म्हणजे एसआर आणि रिसेप्टर जागेवर आहेत. पण ट्रायड, म्हणजे बाहेरचं पटल आणि एसआर यांच्या जोडणीच्या जागा, तयार झाले आहेत का, हे कॅफीन सांगत नाही, कारण ते रिसेप्टर थेट उघडतं. त्यासाठी पोटॅशियमनं विध्रुवण करा, म्हणजे बाहेरच्या पटलाचं विभव पाडा: केसीएल ६० मिलिमोलर, एनएसीएल ८५, म्हणजे बेरीज नेहमीच्या द्रावणातल्या ५ आणि १४० इतकीच राहते. नुसतं केसीएल वरून ओतलं तर पेशी ऑस्मोटिक धक्क्यानंच दचकते. हेच बाहेर कॅल्शियम नसताना पुन्हा करा. कंकाल स्नायूत पटलावरचा सीएव्ही१.१ चॅनल रायनोडिन रिसेप्टरला यांत्रिक रीतीनं उघडतो, आत येणाऱ्या कॅल्शियमची गरज नसते. हृदयात सीएव्ही१.२मधून आलेलं कॅल्शियमच ठिणगी टाकतं. (१८८०च्या दशकात सिडनी रिंगरला बेडकाचं हृदय लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलेल्या क्षारद्रावणात चालतं आणि ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्यात थांबतं, हे दिसलं ते याचमुळे.) तुमच्या मायोट्यूबमध्ये कॅल्शियम काढल्यावर केसीएलचा प्रतिसाद लगेच नाहीसा झाला, तर जोडणी कच्ची आहे. आणि ‘कॅल्शियम घातलं नाही’ म्हणजे कॅल्शियम नाही असं समजू नका. पाणी, क्षार आणि काच मिळून काही मायक्रोमोलर येतंच, ईजीटीए ०.५ ते १ मिलिमोलर हवं.

जोडणी कच्ची असली तर मायटोकॉन्ड्रियाचा सिग्नलही कमी दिसतो, आणि तो एमसीयूचा दोष नव्हे. विभव १८० मिलिव्होल्ट धरलं तर समतोलाला आतबाहेरचं गुणोत्तर सुमारे ७ लाख निघतं, म्हणजे पेशीद्रवात १०० नॅनोमोलर असताना मॅट्रिक्समध्ये ७० मिलिमोलर! तसं होत नाही, कारण एमआयसीयू१ हा राखणदार विश्रांतीच्या पातळीला चॅनल बंद ठेवतो आणि एनसीएलएक्स बाहेर उपसत राहतो. चॅनल उघडायला काही मायक्रोमोलरची झळ लागते, आणि ती मिळते फक्त रायनोडिन रिसेप्टरच्या तोंडाशी. प्रौढ तंतूत मायटोकॉन्ड्रिया ट्रायडला खेटून असतात, मायोट्यूबमध्ये ते विखुरलेले.

म्हणून एमसीयू आहे की नाही हा प्रश्न एसआरला वगळून विचारा. डिजिटोनिननं भोकं पाडा. आतल्या द्रावणात केसीएल १२०, हेपेस २०, एमजीएटीपी ३, सक्सिनेट ५, पोटॅशियम फॉस्फेट २ मिलिमोलर, पीएच ७.२, सोडियम शक्य तितकं कमी, नाहीतर एनसीएलएक्स उपसा करतो. थॅप्सिगार्गिन १ मायक्रोमोलर घालून सर्का बंद करा. बाहेर कॅल्शियम ग्रीन-५एन (पेशीत न शिरणारा कॅल्शियमचा डाय) ठेवा आणि १० मायक्रोमोलर कॅल्शियमचे डोस दर २ ते ३ मिनिटांनी द्या. प्रत्येक डोसला उजेड वर जाऊन हळूहळू खाली आला, तर मायटोकॉन्ड्रिया ते गिळत आहेत. ताजं आरयू३६० १ मायक्रोमोलर दिल्यावर तो उतार थांबला पाहिजे. इथे ते पोचतं, कारण दार आधीच उघडं आहे. काही डोसांनंतर उजेड एकदम वर उसळला तर घाबरू नका, तो पारगम्यता छिद्राचा क्षण: मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात मोठं छिद्र उघडतं आणि गिळलेलं कॅल्शियम बाहेर येतं. सायक्लोस्पोरिन ए १ मायक्रोमोलरनं तो पुढे ढकलला जातो, आणि तोच पुरावा की छिद्रच होतं.

मुक्त कॅल्शियम ठरवायला ईजीटीए वापरत असाल तर पीएच कॅल्शियम घातल्यावर पुन्हा मोजा. कॅल्शियम धरताना ईजीटीए दोन प्रोटॉन सोडतं, आणि पीएच ०.२ खाली घसरला की त्याची पकड सुमारे अडीच पट सैल होते.

हा प्रयोग करूनही पहिल्या डोसला उतार दिसला नाही, तर आधी टीएमआरएम (विभव दाखवणारा डाय) २० नॅनोमोलरनं विभव तपासा. विभव आहे आणि तरी उतार नाही, तेव्हाच वेस्टर्न ब्लॉट काढा आणि ३५ किलोडाल्टनच्या आसपासच्या पट्टीत एमसीयू शोधा.