काउंटर ६४० दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका

व्हॅक्यूम ब्रेकर (निर्वात नळीत करंट तोडणारा मोठा स्विच), काउंटरवर ६४० ऑपरेशन्स म्हणजे उघडझाप, पुस्तिकेत मर्यादा १०,०००, म्हणजे ९४ टक्के आयुष्य शिल्लक ना, असं तुम्ही विचारलंय. हाच हिशेब मी एकदा वहीत मांडून खाली सही ठोकली होती.

काउंटर मोजतो यंत्रणेची हालचाल. आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, झिजवतो तो तोडलेला करंट. पुस्तिकेतला करंट आणि ऑपरेशन्सचा आलेख काढा. समजा, त्यात १२५० अँपिअरला १०,००० आणि २५ किलोअँपिअरला १०० ऑपरेशन्स दिलीत. मग एक मोठा फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किटसारखा बिघाड, तोडणं रोजच्या शंभर ऑपरेशन्सएवढा पडला. १० किलोअँपिअरलाही जेमतेम चारशेच निघतात. प्रत्येक ट्रिपचा, म्हणजे बिघाडात ब्रेकर उघडल्याचा, करंट रिलेतून (ब्रेकरला उघडायला सांगणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या यंत्रातून) घ्या, तिन्ही फेजचा वेगळा.

तुमचा रिले गेल्या वर्षी बदललाय हे वाचलं आणि पोटात गोळा आला. आमचाही बदलला होता. नव्या रिलेने झीज शून्यापासून मोजायला घेतली, स्क्रीनवर ७ टक्के दिसले आणि मी खूश! जुना आकडा नव्यात भरायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. ज्या कार्यालयाने जुना रिले नेला होता, त्यांच्याकडे नोंदी मागितल्या तर म्हणे, 'रीतसर मागणीपत्र पाठवा.' पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: साहित्य भंगारात जमा.

शेवटी शटडाउन घेऊन ब्रेकर ट्रॉलीसकट बाहेर काढला, क्लोज केला आणि कॉन्टॅक्ट किती झिजले ते दाखवणाऱ्या रॉडवरच्या खुणा पाहिल्या. (स्प्रिंगपासून बोटं लांब ठेवा, हे सांगायला नकोच.) आमच्या मॉडेलची झीजेची मर्यादा ३ मिलिमीटर, मधल्या फेजचे २.६ गेलेले, बाजूचे दोन्ही दीडच्या आत. मायक्रोओहममध्ये मोजलेला कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स मात्र तिन्हींचा झकास. त्यामुळे 'रेझिस्टन्स चांगला आला, झीज नाही' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, खूण दाखवतो.

अर्थात तुमच्या मॉडेलची मर्यादा निर्माता सांगेल तीच. एसएफ६ ब्रेकरला (निर्वाताऐवजी एसएफ६ वायू वापरणाऱ्या) तर यातलं काही जसंच्या तसं लावू नका. तिथे ठिणगी झेलणारे आर्किंग कॉन्टॅक्ट आत दडलेले असतात.

आणखी एक. महिनोन् महिने न हललेल्या ब्रेकरची पहिलीच ट्रिप नोंदवा, उघडायला लागलेला वेळ आणि ट्रिप कॉइलचा (ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलचा) करंट दोन्ही. आमची मंडळी आधी 'जरा मोकळा करू' म्हणत चार वेळा चालवतात, सुकलेलं ग्रीस सुटतं आणि मग मोजलं की सगळं ठणठणीत!

तुमचा जुना रिले अजून कपाटात असेल तर आजच सप्लाय देऊन नोंदी उतरवून घ्या. आतली बॅटरी संपली असेल तर काही गेल्याही असतील, पण बघा तरी.