नागपूरजवळ बाणाच्या काडीसाठी कोणतं लाकूड घ्यावं?

तुमचं धनुष्य 40 पौंडाचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, आणि सागवानाच्या पट्ट्या चालतील का असं विचारलंय. चालतील, पण सुरुवात मानवेल बांबूने करा. तो कटांग या दुसऱ्या बांबूसारखा पोकळ नसतो, जवळजवळ भरीव असतो. बुरडाकडे करंगळीएवढ्या बारीक, हातभर नव्हे तर चांगल्या 90 सेंमी लांब छड्या मागा. हिवाळ्यात तोडलेल्याच घ्या. ज्या बांबूत पिष्ट जास्त राहतं त्याला भुंगा लागतो. मोळीखाली पिवळसर भुकटी सांडलेली दिसली तर ती मोळी घेऊच नका.

छड्या घट्ट बांधून सावलीत वाळवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकल्या तर उभ्या तडकतात, माझ्या तशाच गेल्या. मग एकेक वाकडी गाठ निखाऱ्यावर शेकायची आणि थंड होईपर्यंत सरळ दाबून धरायची. घाई केली की गाठ परत फिरते.

सागवानात रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच तिरपी बाहेर निघाली की काडी तिथेच मोडते, आणि तिचा चिरफाळा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. तुराटी म्हणूनच नको, लहानपणी आपण सगळ्यांनीच तिचे बाण केले असले तरी. नाल्याकाठची बेशरम सरळ दिसते, पण आतून पोकळ आणि कमजोर. निर्गुडीचे सरळ कोंब मात्र करून बघण्यासारखे आहेत.

झाडापेक्षा मी लवचिकता जास्त बघतो. बाण सुटताना धनुष्याच्या मुठीला वळसा घालत वाकतो, म्हणून सगळ्या काड्या सारख्याच वाकायला हव्यात. 66 सेंमी अंतरावर दोन टेकू ठेवा, काडीच्या मधोमध 907 ग्रॅम वजन टांगा. तुमच्या धनुष्यासाठी ती साधारण 16 ते 17 मिमी खाली यावी. जास्त वाकली तर काडी मऊ, कमी वाकली तर ताठ. वीस छड्यांतून आठ जुळल्या तरी समाधान माना.

जंगलातून स्वतः तोडू नका. भारतीय वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरला जात नाही, वनातल्याला ती सूट नाही.

दोरीची खाच अशी पाडा की तिच्या बुडाशी लगेच एक गाठ येईल, आणि त्याखाली दोऱ्याचे घट्ट वेढे द्या. मग काडी उभी फाटत नाही. प्रत्येक नेमाआधी बाण दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, कानाशी आणून ऐका. बारीक करकर आली तर तो बाण तिथेच मोडून टाका.