वाचक विचारतात: भिंतीवरचं चित्र सुटतं कसं?

प्रश्न: दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मध्य आशियातल्या बौद्ध भित्तिचित्रांचे तुकडे पाहिले. ते भिंतीवरून काढले कसे? आमच्या माजघरातल्या मातीच्या भिंतीवर जुना रंगवलेला गणपती आहे. घर पाडायचंय. तो तसाच काढता येईल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर: रंगाबरोबर मागचा गिलावाही काढलेला असतो. कड उघडी असेल तिथे तो दिसतो: पेंढा मिसळलेली माती, तिच्यावर पांढरा पातळ हात आणि वर रंग. चीनमधल्या तुर्फानजवळच्या बेझेक्लिक या बौद्ध गुहांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन पथकाने चित्राभोवती धारदार सुरीने गिलाव्याच्या पूर्ण खोलीचा चर पाडला. आड चेहरा आला की चर वळवायचा, म्हणून काही तुकड्यांच्या कडा वेड्यावाकड्या. शेजारी कुदळीने खाच करून मागे करवत सरकवायची, समोरून नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) लावलेली फळी दाबून धरायची आणि शेवटी चित्रासकट फळी हळूहळू आडवी करायची. गाडीवर न्यायचा तुकडा मोठा, उंटावरचा लहान, घोड्यावरचा त्याहून लहान. बर्लिनला नेलेल्यांपैकी मोठी चित्रं भिंतीत पक्की बसवली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ती हलवता आली नाहीत आणि गेली. दिल्लीतले तुकडे मध्य आशियात उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी आणलेले.

तुमच्या भिंतीवर ही करवत चालणं कठीण. गिलाव्यामागे जांभ्या दगडाचा चिरा असेल, तर माती त्याच्या भोकाभोकांत शिरून बसलेली असते. करवत अडली की हादरा बसतो आणि पहिला रंग झडतो. चिऱ्यांसकट काढायचं म्हटलं, तर तीन फूट लांब-रुंद आणि दीड फूट जाड तुकडा पाऊण टनाच्या आसपास भरेल. आमचं मत विचाराल तर ती भिंत राखून नवं घर तिच्याभोवती बांधा.

आधी तपासणी करा, तीही शिमग्यानंतर, भिंत सुकलेली असताना. रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. फुगवटे सावलीने उठून दिसतात. तिथे बोटाच्या पेराने अगदी हलकं टिचकवा. आवाज पोकळ आला, तर ती जागा फोटोच्या प्रतीवर नोंदवा, भिंतीवर खूण नको. पांढरं काही दिसलं, तर कोरड्या मऊ ब्रशने कडेचा कण कागदावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळला तर बहुधा क्षार, नाहीतर बुरशी किंवा सुटलेला चुना. क्षार असतील तर ओल कुठून येते ते शोधा: फुटलेलं कौल, पागोळीचं पाणी, जोत्याला टेकलेली माती. मिरगाआधी ते आवरलं नाही, तर पुढचं सगळं वाया.

ओलं फडकं लावू नका. अशा भिंतीवरचा रंग बहुधा डिंक-सरसाचा असतो आणि पाण्याने सुटतो. व्हार्निशही नको. अजिंठ्यात 1920 ते 1922 च्या दरम्यान इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा थर दिला, तो पिवळा पडला आणि पुढे काढत बसावं लागलं. पोकळीत सिमेंट तर मुळीच भरू नका, ते मातीपेक्षा कडक आणि वर क्षार सोडतं.

पाडकामाला हात लावण्याआधी फोटो आणि मापं घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा. तोवर त्या भिंतीला खिळा ठोकू देऊ नका.