सेन्सर हलवू का नको?

प्रश्न: सर, माझी जुनी पेट्रोल इंजेक्शनची गाडी आहे, हवेच्या तापमानाचा सेन्सर थेट अल्युमिनियमच्या मॅनिफोल्डातच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात) बसवलाय. सीझनला उसाच्या ट्रॉलीमागं रांगत गेलो की नंतर मोकळा रस्ता मिळाला तरी गाडी उचलतच नाही. स्कॅनरवर हवा ६८ डिग्री आणि बाहेर ३२! मित्र म्हणतोय सेन्सर काढून एअर फिल्टरच्या पाइपात घाल. घालू का?
– राजारामपुरीतला एक वाचक

उत्तर: घाल, पण आधी सेन्सरच गंडलाय का ते बघ. सकाळी गार इंजिनला, चावी नुसती ऑन करून, हवेचा न् कूलंटचा आकडा जवळपास सारखाच यायला पाहिजे. तो आला, आणि गाडी दोन-तीन मिनिटं पळवून पण हवेचा आकडा खाली उतरत नसला तर सेन्सर हवा मोजतच नाही, तापलेलं धातू मोजतोय. ३२ च्या जागी ६८ दिसले की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हवा दहा टक्के विरळ वाटते, मग पेट्रोल कमी, बऱ्याच गाड्यांत स्पार्क पण मागं, म्हणजे उशिरा. निवांत चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलचं माप सांभाळून घेतो, पण पेडल पूर्ण दाबलं की तो बाजूला, तिथंच तुझी गाडी मरतीय.

फिल्टरनंतरच्या प्लास्टिक किंवा रबरी पाइपात भोक पाडून ग्रोमेटमध्ये (रबरी रिंगेत) बसव, रेडिएटरच्या गरम झोतापासून लांब. टर्बो असंल तर इंटरकूलरनंतरच, त्याच्या आधी अजिबात नको. आणि मॅप सेन्सरच्याच (मॅनिफोल्डातला दाब मोजणाऱ्या) पोटात तापमानाचा सेन्सर असला तर हात लावू नको भावा, तो हलवायचा विषयच नाही.

दोनच वायरी असतात, उलटसुलट जोडल्या तरी चालतंय, पण सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढव, नुसती टेप गुंडाळू नको. वायर तुटली की ईसीयूला बाहेर उणे ४० डिग्री दिसतंय, कोल्हापुरात! मग पी०११३ हा या सेन्सरच्या बिघाडाचा कोड आणि धूर. मॅनिफोल्डातलं जुनं भोक मात्र उघडं ठेवायचं नाही, हवा ओढली की आयडलिंग बोंबलतंय. जुना सेन्सर घेऊन उद्यमनगरात जा, लेथवाला त्याच आट्याचं बूच कातून देईल.

आता आकडा गार दिसणार म्हणजे पेट्रोल थोडं जास्त आणि स्पार्क पुढं, म्हणून पहिल्यांदा पन्हाळ्याच्या चढाला लोड देऊन बघ, खडखड नॉकिंग ऐकू आलं तर सेन्सर परत जुन्या जागी. आणि ‘पॉवर चिप’ म्हणून नुसता रेझिस्टर विकणाऱ्याच्या नादाला लागू नको, तो ईसीयूला कायम थंडीच दाखवतोय.